गाडीचा रिमोट लॉक चालेना? नवी चावी मागवायच्या आधी या क्रमाने तपासा

जून लागला की मला ठरलेले फोन सुरू होतात. "अरे गाडी उघडत नाहीये, रिमोट गेला वाटतं, नवी चावी केवढ्याला पडेल?" मी गोव्यात फोंड्याला राहतो, धंद्याने मेकॅनिक नाही, पण स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांची इलेक्ट्रिकची किरकोळ कामं बरीच वर्षं घरीच करतोय, त्यामुळे हे फोन माझ्याकडेच वळतात. आणि बहुतेक वेळा नवी चावी लागतच नाही, लागतो तो ५०-१०० रुपयांचा सेल, नाहीतर नीट न लागलेलं मागचं दार.

चूक सगळ्यांची एकच, क्रम उलटा. आधी व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग करायला बसतात, ते जमलं नाही की चावीवाला, मग शोरूम, आणि चार दिवसांनी कोणीतरी विचारतं की घरातली दुसरी चावी लावून बघितली का. हा प्रश्न पहिला विचारायचा. बिघाड चावीत आहे, गाडीत आहे की दारात आहे, एवढं ठरल्याशिवाय काहीही उघडायचं नाही आणि काहीही विकत आणायचं नाही.

## तयारी

गाडीच्या दोन्ही चाव्या. मॅन्युअल (हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं). छोटा चपटा स्क्रूड्रायव्हर, त्याच्या टोकाला इन्सुलेशन टेपचा एक वेढा. साधा मल्टीमीटर. इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरवाल्यांकडे असतं. त्याच्याऐवजी सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि ते आत चिकट थर सोडतं. पांढरं कापड टेबलावर पसरा म्हणजे बारीक भाग हरवत नाहीत, आणि पंखा बंद करा.

सावधान: काम सुरू करायच्या आधी ड्रायव्हरची काच खाली घ्या आणि चाव्या खिशात ठेवा. सीटवर किंवा डिकीत नाही. टेस्ट करता करता गाडी लॉक झाली आणि दोन्ही चाव्या आत राहिल्या, हे मी स्वतः केलंय, त्यामुळे हसू नका.

## टप्पा १: आधी आत शिरून घ्या

रस्त्यात अडकला असाल, म्हणजे कोलव्याला किंवा मिरामारला गाडी लावून आलात आणि उघडतच नाहीये, तर घाबरायचं कारण नाही. रिमोट म्हणजे चावी नव्हे, चावी त्याच्या आत आहे. पुश स्टार्टवाल्या गाड्यांच्या स्मार्ट कीमध्ये एक छोटी खटकी असते, ती सरकवली की लोखंडी चावी बाहेर येते. दाराच्या हँडलवर की-होल दिसत नसेल तर पुष्कळ गाड्यांत ते प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असतं, झाकणाला खालून बारीक खाच असते तिथे चावीचं टोक घालून हलकेच उचला.

दार उघडल्यावर सायरन वाजू शकतो. वाजू दे. पळापळ न करता आत बसा आणि इग्निशन ऑन करा, योग्य चावी ओळखली की बहुतेक गाड्यांत तो बंद होतो. पुश स्टार्ट गाडी "की सापडत नाही" म्हणत असेल तर ब्रेक (गियरवाली असेल तर क्लच) दाबून स्मार्ट की स्टार्ट बटणालाच टेकवा आणि दाबा. चावीतला सेल पूर्ण मेलेला असला तरी तिच्यातली चिप गाडीकडून पॉवर घेते आणि गाडी सुरू होते. काही मॉडेलमध्ये चावी टेकवायची जागा वेगळी असते, कप होल्डरमध्ये किंवा कन्सोलमध्ये, ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं.

वर्षानुवर्षं न वापरलेलं की-होल खारं वारं आणि वाळू खाऊन जाम झालेलं असतं. जोर लावून चावी पिळू नका, तुटली तर खर्च भलतीकडेच जाईल. थोडी आत-बाहेर करत करत फिरवा. घरी गेल्यावर त्यात ग्रॅफाइट पावडर मारा. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, त्यावर वाळू चिकटते आणि पुढच्या वर्षी त्याचीच पेस्ट होऊन बसते.

## टप्पा २: बटण दाबून फक्त बघा आणि ऐका

हा टप्पा लोक गाळतात आणि खरं सांगायचं तर अर्धं काम इथेच होतं. शांत जागी गाडीपासून २-३ पावलांवर उभं राहून लॉक एकदा दाबा, ५ सेकंद थांबा, मग अनलॉक एकदा. दरवेळी तीन गोष्टी बघायच्या: चावीवरचा लाल दिवा, गाडीचे इंडिकेटर, आणि दारातून येणारा "खट्" आवाज.

इंडिकेटर मारले पण एकही दार हललं नाही, तर चावी ठणठणीत आहे, तिला हात लावू नका. सिग्नल पोचला, गाडीने ओळखला, पुढे फ्यूज किंवा वायरिंगमध्ये घोळ आहे. टप्पा ७ वर जा.

इंडिकेटर मारले, तीन दारं लॉक झाली आणि एक राहिलं, तर त्या एका दाराची मोटर किंवा वायर. टप्पा ८.

दारं खट् करून लॉक झाली आणि लगेच उघडली, किंवा हॉर्न बीप करून तक्रार करतोय, तर गाडीला कुठलं तरी दार उघडं वाटतंय. टप्पा ३.

काहीच झालं नाही, ना इंडिकेटर ना आवाज, तेव्हाच संशय चावीवर. पण तेव्हासुद्धा आधी गाडीच्या आतलं सेंट्रल लॉकचं बटण दाबून बघा. ते चाललं तर मोटर, फ्यूज, वायरिंग सगळं ठीक आहे आणि प्रश्न चावी आणि तिचा सिग्नल पकडणारा गाडीतला रिसीव्हर यांच्यातला आहे. तेही मेलेलं असेल तर चावी उघडत बसू नका, सरळ गाडीच्या बॅटरीकडे जा, टप्पा ७.

जवळून चालतं आणि लांबून नाही, हा सेल उतरल्याचा सगळ्यात नेहमीचा पुरावा. मात्र एकाच जागी त्रास होत असेल, म्हणजे घरी चालतं आणि ऑफिसच्या पार्किंगमध्येच नाही, तर आसपास त्याच फ्रिक्वेन्सीवर काहीतरी बडबडतंय. आपल्याकडच्या बहुतेक चाव्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात आणि ही पट्टी लायसन्सशिवाय वापरता येते, त्यामुळे गेटचे रिमोट, वायरलेस बेल असं बरंच काही तिथेच असतं. गाडी दहा मीटर पुढे घेऊन परत बघा.

लक्षात घ्या: टीव्हीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासतात ती युक्ती इथे चालत नाही. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेड असतो, गाडीचा रेडिओ. कॅमेऱ्यात काही दिसलं नाही म्हणून चावी मेली असं ठरवलेले दोघेजण मला भेटलेत. आणि चावीवरचा लाल दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, हेही खोटं, दिवा लागण्यापुरता करंट मरायला टेकलेला सेलसुद्धा देतो.

आता दुसरी चावी आणा. ड्रॉवरमध्ये तीन वर्षं पडलेली असेल तर तिचाही सेल उतरलेला असू शकतो, म्हणून तिच्यात आधी नवा सेल घाला आणि मग तेच तीन मुद्दे बघा. दुसरी चालली तर बिघाड पहिल्या चावीत. दोन्ही सारख्याच वागल्या तर बिघाड गाडीत, आणि तुमचे नव्या चावीचे पैसे वाचले.

## टप्पा ३: गाडी मुद्दाम नकार देतेय का

कधीकधी काही बिघडलेलंच नसतं. गाडीच्या काही अटी असतात आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत की ती लॉक होत नाही.

- डिकी किंवा एखादं दार अर्धवट लागलंय. प्रत्येक दार उघडून परत नीट लावा. डिकीच्या कडेला पायपुसणं किंवा पिशवीचा बंद अडकलाय का बघा.
- इग्निशन पूर्ण बंद नाही. पुश स्टार्टवाल्यात गाडी बंद केली असं वाटतं आणि ती ॲक्सेसरीवरच राहिलेली असते.
- दुसरी स्मार्ट की गाडीतच आहे, बायकोच्या पर्समध्ये. अशी गाडी शहाणी असते, बहुतेक वेळा चावी आत ठेवून लॉक होत नाही.
- एकदा दाबल्यावर फक्त ड्रायव्हरचं दार उघडतंय. बऱ्याच गाड्यांत ते तसंच असतं, सगळी दारं उघडायला दोनदा दाबायचं.
- अनलॉक केल्यावर थोड्या वेळाने आपोआप लॉक होतेय. तुम्ही दार उघडलंच नाही तर बऱ्याच गाड्या साधारण ३० सेकंदांनी पुन्हा लॉक होतात. भूत नाही, सोय आहे.

सगळी दारं लावूनसुद्धा डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचं चिन्ह किंवा आतला दिवा चालूच असेल तर दाराचा स्विच खराब आहे. पावसाळ्यात इकडे हे फार होतं. स्विच गंजतो किंवा त्याच्यात ओल जाते. एकेक दार हाताने आत दाबून धरा आणि दिवा कुठल्या दाराला विझतो बघा, गुन्हेगार सापडेल. बॉनेटखाली पण असाच स्विच असतो, अलार्मवाल्या गाड्यांत तो गंजला की रात्री दोन वाजता उगाच सायरन होतो आणि सगळा वाडा जागा.

## टप्पा ४: चावीतला सेल बदलणे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून इथे वेळ घालवणार आहे.

कुठला सेल ते आधी बघा. जुना काढून त्याच्यावरचा नंबर वाचा, अंदाजाने आणू नका. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. सीआर २०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाड. सीआर १६३२ आणि सीआर १६२० हे १६ मिलिमीटरवाले. चारही ३ व्होल्टचेच, त्यामुळे दुकानदार म्हणतो "एकच आहे, चालेल". नाही चालत. २०३२ च्या जागी २०२५ घातला की तो सैल बसतो, चावी खिशात हलली की कॉन्टॅक्ट सुटतो, मग लोक खाली चॉकलेटची चांदी कोंबतात आणि ती सरकून आत शॉर्ट होतं. उलट केलं, म्हणजे २०२५ च्या जागी २०३२ दाबून बसवला, तर सेल धरणारे आतले पत्रे वाकतात आणि पुढचा योग्य सेलही नीट लागत नाही.

आणखी दोन खड्डे. एलआयआर २०३२ नावाचा एक सेल मिळतो, दिसायला सेम, पण तो रिचार्जेबल आणि चार्ज झाल्यावर ४ व्होल्टच्या वर. तो चावीत नाही घालायचा. आणि बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकच्या रिमोटमध्ये बरेचदा बटन सेल नसतोच, १२ व्होल्टचा छोटा कांडीसारखा सेल असतो, त्यावर २३ए किंवा २७ए लिहिलेलं असतं. २७ए बारीक, २३ए जाड, एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

उघडताना. आधी लोखंडी चावी काढा किंवा फोल्डिंग असेल तर बाहेर उघडा, कडेला एक खाच दिसेल. टेप लावलेला स्क्रूड्रायव्हर तिथे घालून फिरवा, उचकटू नका. स्क्रू असेल तर आधी तो काढा, खूपदा तो कंपनीच्या लोगोच्या किंवा स्टिकरच्या खाली लपलेला असतो आणि लोक स्क्रू न काढताच खेचून कवच फोडतात.

सावधान, हे दोनदा वाचा: काही चाव्यांमध्ये इमोबिलायझरची चिप (हिला ओळखल्याशिवाय गाडी इंजिन सुरू होऊ देत नाही) सर्किटवर नसते, कवचात सुटी बसवलेली असते. काळा चौकोनी तुकडा किंवा काचेची बारीक नळी, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. कवच उघडताना ती पडली आणि झाडून टाकली तर रिमोट मस्त चालेल, दारं उघडतील, पण गाडी सुरू होणार नाही. हीच चूक नवं कव्हर घालताना होते. म्हापशाच्या बाजारात चकचकीत कव्हर मिळतं, लोक सर्किट त्यात बसवतात आणि जुनं कव्हर चिपसकट कचऱ्यात. उघडल्या उघडल्या फोटो काढा आणि जुनं कवच आठवडाभर फेकू नका.

सेल घालताना. काढायच्या आधी + बाजू वर होती की खाली त्याचा फोटो. सेलच्या सपाट बाजूंना बोटं लावू नका, कडेने धरा. लोखंडी चिमट्याने धरलात तर दोन्ही बाजू एकदम टेकून सेल शॉर्ट होतो, प्लॅस्टिकचा असेल तर ठीक. आतले पत्रे इअरबड आणि अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. पत्रा दबलेला असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने केसभर उचला, केसभर म्हणजे केसभर.

मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप देतात, चांगली गोष्ट आहे, पण काही चाव्यांत त्या लेपामुळे कॉन्टॅक्ट नीट लागत नाही. नवाकोरा सेल घालूनही चालेना तर त्याच्या कडा आणि पाठ अल्कोहोलने पुसून बघा.

तपासा: मल्टीमीटरवर नवा सेल ३ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. २.८ च्या खाली आला की बदलायचा. नुसता बाहेर काढून ३ दाखवला म्हणून चांगलाच असेल असं नाही, जमलं तर चावीत असताना पत्र्यांवर प्रोब धरून दुसऱ्याला बटण दाबायला सांगा, दाबल्यावर आकडा धाडकन खाली पडला तर सेल गेला. सेल बदलल्याने प्रोग्रॅमिंग उडतं ही भीती बहुतेक चाव्यांच्या बाबतीत खोटी आहे, तेवढ्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

मुलं असलेल्या घरासाठी: जुना सेल टेबलावर सोडू नका. बटन सेल मुलाने गिळला आणि घशात अडकला तर २ तासांत आतून गंभीर भाजतं. संशय जरी आला तरी थांबून बघायचं नाही, लगेच हॉस्पिटल, थेट गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेज) न्या. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना टेप लावून मगच टाका.

## टप्पा ५: चावी पाण्यात गेली असेल तर

पाऊस, वॉशिंग मशीन आणि समुद्र, तिन्ही वेगळे आहेत. पावसाची ओल आणि मशीनचं पाणी बरेचदा सुकून जातं. समुद्राचं पाणी मात्र चावी खातं. खाऱ्या पाण्यातून करंट सहज वाहतो, आणि सेल आत असेपर्यंत सर्किटवरच्या तांब्याच्या रेषा हळूहळू विरघळत राहतात. चवथीला मुंबईहून आलेला माझा मेव्हणा शॉर्ट्सच्या खिशात चावी घेऊन कळंगुटला पाण्यात शिरला, संध्याकाळी चावी चालत होती म्हणून निवांत झोपला, तिसऱ्या दिवशी आत हिरवी बुरशी चढल्यासारखं तांबं फुगलेलं.

म्हणून क्रम असा:

1. सेल तिथल्या तिथे काढा, किनाऱ्यावरच. बटण दाबून "चालते का" बघायचं नाही.
2. सर्किट गोड्या पाण्याने धुवा. हो, पाण्याने. मीठ घालवायला पाणीच लागतं. शेवटचा हात बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरचा.
3. अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने हलकेच घासा, ते पाणी ओढून घेतं.
4. सावलीत पंख्याखाली किमान २४ तास. बूट-बॅगांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असतील तर डब्यात त्यांच्यासोबत ठेवा.
5. मग नवा सेल. जुना परत घालू नका.

तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणं हा टाइमपास आहे, तांदूळ मीठ काढत नाही आणि पीठ मात्र आत जातं. हेअर ड्रायर आणि उन्हात तापलेला डॅशबोर्डही नको, प्लॅस्टिक वाकतं.

## टप्पा ६: बटणं

जोरात दाबलं की चालतं, हळू दाबलं की नाही, किंवा लॉक चालतं आणि अनलॉक नाही, म्हणजे सेल नाही, बटण. रबराखाली काळे कार्बनचे ठिपके असतील तर ते आणि त्यांच्या खालची जागा अल्कोहोलने अलगद पुसा, पॉलिश पेपर लावला तर कार्बनच निघून जाईल. रबराखाली "टिक" आवाज करणारे बारीक चौकोनी स्विच असतील तर ते झिजतात किंवा त्यांचं सोल्डरिंग सुटतं. हे काम मोबाइल रिपेअरवाला छान करतो, त्याच्याकडे बारीक सोल्डरिंगचं सगळं सामान असतं. नवी चावी घ्यायच्या आधी त्याला नुसतं सर्किट दाखवा.

## टप्पा ७: गाडीची बॅटरी आणि फ्यूज

बोटीवर काम करणारे लोक आपल्याकडे घराघरात आहेत, गाडी चार-चार महिने पोर्चमध्ये उभी आणि आल्या आल्या तक्रार की रिमोट गेला. रिमोट नाही, बॅटरी गेली. इंजिन बंद ठेवून काही तासांनी टर्मिनलवर मोजा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवं, नाही आलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याची वायर बघावी लागेल. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने साफ करा. केबल काढताना आधी वजा, लावताना वजा शेवटी.

जम्पर केबल लावायची तर: लाल टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, लालचं दुसरं चांगल्या बॅटरीच्या अधिकला, काळं चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि काळ्याचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना बरोबर उलट.

बॅटरी ठीक असेल तर फ्यूज. बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात सेंट्रल लॉकचा आणि बॉडी कंट्रोलचा (लॉक, दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला डबा) शोधा. उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. रंगावरून कळतं: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. १५ चा उडतोय म्हणून ३० चा घालणारे महाभाग आहेत, त्यांची वायर जळते, फ्यूज नाही. नवा फ्यूजही लगेच उडाला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे, ते इलेक्ट्रिशियनचं काम.

बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक असेल तर डॅशबोर्डखाली त्याचा डबा असतो आणि त्यातून एक सुटी वायर लोंबत असते. ती फालतू वायर नाही, अँटेना आहे. म्युझिक सिस्टिम बसवताना कोणीतरी ती गुंडाळून ठेवतं किंवा कापतं आणि रेंज दोन फुटांवर येते.

## टप्पा ८: एकच दार ऐकत नसेल

त्या दाराला कान लावून दुसऱ्याला लॉक दाबायला सांगा. मोटरची घरघर ऐकू येते पण लॉक हलत नाही, तर आतला रॉड सुटलाय किंवा मोटरचे प्लॅस्टिकचे दाते गेलेत. आवाजच नाही, तर त्या दाराची पॉवर विंडो आणि स्पीकर चालतात का बघा. तेही गेलेले असतील तर दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटलीय, दार हजारो वेळा उघडून बंद करून ती तिथेच तुटते. फक्त लॉक गेलं असेल तर मोटर.

आणि आपल्या पावसाचा खास आजार. दार उघडताना आत पाणी खळखळतंय का ऐका. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात, ती माती आणि पानांनी बुजतात आणि मोटर पाण्याच्या वाफेत बसून सडते. टूथपिकने भोकं मोकळी करा, मे महिन्यातच करा. मोटर बदलून भोकं तशीच ठेवली तर पुढच्या पावसात परत तेच.

दाराचं ट्रिम, म्हणजे आतल्या बाजूचं प्लॅस्टिकचं पॅनल, काढणं घरी जमतं, पण ज्या दारात एअरबॅगचा सेन्सर आहे तिथे आधी बॅटरीची वजा केबल काढून काही मिनिटं थांबा, आणि जमत नसेल तर मुकाट्याने बाहेर करून घ्या.

## टप्पा ९: सिंक आणि प्रोग्रॅमिंग, सगळ्यात शेवटी

चावी दर दाबण्याला नवा कोड पाठवते आणि गाडी पुढचा कोड कुठला असेल ते मोजत असते. घरात लहान मुलाने चावी खेळणं म्हणून शेकडो वेळा दाबली तर दोघांची मोजणी चुकू शकते. बऱ्याच गाड्यांत गाडीजवळ उभं राहून दोन-तीनदा दाबलं, किंवा इग्निशन ऑन करून लॉक दाबलं, की ती जुळते. नेमकी पद्धत तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा, दुसऱ्या मॉडेलचा व्हिडिओ बघून इग्निशन दहा वेळा ऑन-ऑफ करत बसू नका.

सावधान: खूप गाड्यांत नवी चावी शिकवताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात आणि सगळ्या एकाच बैठकीत परत शिकवाव्या लागतात. म्हणून जाताना घरातली दुसरी चावी न्यायचीच. दोन्हीपैकी एक बिघडली म्हणून फेकूनही देऊ नका, गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी क्लेमला दोन्ही मूळ चाव्या मागते.

चावीवाल्याकडे किंवा शोरूमला जाताना "रिमोट चालत नाही" एवढंच सांगू नका, नाहीतर समोरचा नव्या चावीचंच कोटेशन काढतो. असं सांगा: दुसरी चावी चालते, सेल नवा आहे, ३.१ व्होल्ट, आतलं बटण चालतं, इंडिकेटर मारत नाहीत. मग तो पण सरळ बोलतो. आणि काम झाल्यावर तिथेच, पैसे द्यायच्या आधी, दोन्ही चाव्यांनी दहा पावलांवरून लॉक-अनलॉक करून बघा, दोन्ही चाव्यांनी इंजिन सुरू करून बघा, आणि लोखंडी चावीने ड्रायव्हरचं दार एकदा उघडून बघा.